रोलला उजेड लागतोय? कॅमेरा उघडण्याआधी निगेटिव्हची कड बघा

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्यांचे बरेच जुने फिल्म कॅमेरे माझ्या टेबलावर येऊन गेले. कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या मामांचा, कुणी जुन्या बाजारातून हौसेनं उचललेला. तक्रार बहुतेकांची एकच असते, "फोटोवर पट्टे येतात." आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे यायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला असतो. तसं करू नका. खाली तपासण्या ज्या क्रमानं दिल्यात त्याच क्रमानं करा. पहिल्या काहींना दमडीही लागत नाही, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

लक्षणं

रंगीत फिल्मवर केशरी किंवा लालभडक पट्टा, ज्वाळेसारखा, सहसा फोटोच्या एका कडेकडून आत शिरलेला. रंग केशरीच का? रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये लाल रंग टिपणारा थर सगळ्यात खाली, बेसला (फिल्मच्या प्लास्टिकच्या पट्टीला) लागून असतो. लेन्समधून येणारा उजेड वरच्या थरांतून शेवटी त्याच्यापर्यंत पोचतो. मागच्या झाकणाच्या फटीतून शिरलेला उजेड मात्र उलट्या बाजूनं येतो आणि आधी त्यालाच गाठतो. म्हणून केशरी पट्टा दिसला की माझा पहिला संशय झाकणावर जातो. पट्ट्याचा गाभा पिवळा-पांढरा झाला असेल तर उजेड जोरात होता आणि वरच्या थरांपर्यंत पोचला, एवढाच अर्थ.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तोच पट्टा स्कॅनवर पांढरा धुरकट दिसतो आणि निगेटिव्हवर काळा.

कधी पट्टा नसतो, फ्रेमच्या आत छोट्या चौकोनी ठिपक्यांची रांग असते. कधी प्रत्येक फोटोत त्याच जागी एक पांढरा ठिपका. कधी फक्त पहिल्या तीन-चार फोटोंची वाट लागलेली असते, पुढचे स्वच्छ. या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

आणि लाइट लीक (नको त्या वाटेनं शिरलेला उजेड) नसतो तो प्रकार: सगळा रोल सारखाच राखाडी, मळकट, कॉन्ट्रास्ट गेलेला. तो जुन्या किंवा उन्हात तापलेल्या फिल्मचा, कधी केमिकलचा दोष असतो. विमानप्रवास झाला असेल तर एक्स-रेचा संशय घ्या. चेक-इन बॅगेत फिल्म टाकायची नाही, आणि नव्या सीटी स्कॅनरसमोर रोल हातात देऊन हातानं तपासायची विनंती करायची. त्यात कॅमेऱ्याचा काही गुन्हा नाही.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी निगेटिव्ह हातात घ्या आणि खिडकीकडे धरून बघा. मोबाईलवर आलेला स्कॅन बघून निदान करता येत नाही. निगेटिव्हवर पट्टा नसेल आणि स्कॅनवर असेल, तर कॅमेरा निर्दोष आहे आणि उजेड स्कॅन करताना शिरलाय. घरी डिजिटल कॅमेऱ्यानं स्कॅन करणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे. लाइट पॅडचा मोकळा भाग झाकलेला नसतो, कडेच्या छिद्रांतून उजेड थेट लेन्समध्ये घुसतो आणि फोटोच्या वरच्या-खालच्या कडा फिकट होतात. काळ्या कार्डशीटला फ्रेमएवढी खिडकी कापून ती पॅडवर ठेवली आणि खोलीतला दिवा बंद केला की काम झालं. एका पोरानं याच दोषापायी दोन कॅमेरे विकले होते.

निगेटिव्हवरही पट्टा आहे? मग आता कड बघा. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ३५ मिमी फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात, आणि छिद्रं नि फोटो यांच्यामधली कोरी पट्टी कॅमेऱ्यात फिल्मच्या खिडकीबाहेर (जिथून उजेड फिल्मवर पडतो त्या चौकोनाबाहेर) राहते. लेन्समधून आलेला उजेड तिथे पडत नाही.

काळेपणा छिद्रांपर्यंत, कडेपर्यंत पसरला असेल तर उजेड लेन्समधून आलेला नाही. तो झाकणातून, रोलच्या कॅसेटमधून, रोल भरताना किंवा धुताना शिरला.

काळेपणा फ्रेमच्या चौकटीत नेमका थांबला असेल आणि कड काचेसारखी स्वच्छ असेल, तर तो शटरच्या वाटेनं किंवा लेन्सच्या बाजूनं आला. कधी तर तो लीक नसतोच, समोरच्या सूर्याचा फ्लेअर, म्हणजे लेन्समध्ये पसरलेली चमक असते. अशा वेळी झाकणाच्या फटी बुजवणारा फोम बदलून काहीही होणार नाही.

ते फ्रेममधले चौकोनी ठिपके? ती छिद्रांची सावली असते. फिल्म गुंडाळलेली असताना वरच्या वेढ्याच्या छिद्रांतून उजेड खालच्या वेढ्यावर पडला. म्हणजे लीक खिडकीपाशी झाला नाही, फिल्म जिथे गुंडाळलेली असते तिथे झाला: कॅसेटमध्ये किंवा पलीकडच्या, काढलेली फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलवर. याच्यासारखाच दिसणारा एक तोतया आहे. प्रत्येक छिद्रापासून फ्रेममध्ये शिरणारे नियमित, मऊ फराटे दिसले तर तो उजेड नव्हे. फिल्म धुताना टाकी फार जोरात हलवली आणि डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन) छिद्रांतून धावला. टाकी हळू उलटीपालटी करा. ताक घुसळत नाही आहोत आपण.

कुठल्या फ्रेमवर, कुठल्या बाजूला

कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. म्हणून आडव्या फोटोत वर दिसणारा पट्टा कॅमेऱ्याच्या तळाकडून आलेला असतो. बहुतेक एसएलआरमध्ये (आतल्या आरशामार्फत लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यांत) मागून पाहिलं की झाकणाची बिजागरी उजवीकडे असते. तिथून शिरलेला उजेड फोटोच्या डाव्या बाजूला दिसतो. फोटो डोकं खाली करून कॅमेऱ्याच्या पाठीवर धरायचा, पट्टा ज्या बाजूला येईल तिथे शोधायचं. कागदावर आकृत्या काढत बसण्यापेक्षा हे सोपं.

फ्रेमचा नंबरही बोलतो. माझा हा धडा दिवेघाटातला. माउलींची पालखी घाट चढत होती, गळ्यात कॅमेरा, ऊन मी म्हणत होतं. रोल धुतल्यावर पाहिलं तर बहुतेक फ्रेमवर फिकट केशरी झाक होती, पण १६ आणि १७ नंबरवर असा जळका पट्टा की टाळ वाजवणाऱ्या आजोबांचा अर्धा चेहरा गायब. त्यानंतरचा फोटो चहाच्या टपरीचा होता. तेव्हा लक्षात आलं. टपरीच्या बाहेर मी चांगला अर्धा तास उभा होतो, आणि कॅमेरा तेवढा वेळ पाठ उन्हाकडे करून पोटावर लटकत होता. झाकणाचा लीक असा वेळ मोजतो. भराभर काढलेल्या फोटोंवर तो जेमतेम दिसतो. जिथे थांबलात तिथे जास्त. आणि तो बऱ्याचदा एक-दोन फ्रेम आधीच्या फोटोवर पडतो, कारण बिजागरीजवळ स्पूलवर गुंडाळलेली असते ती काढून झालेली फिल्म. नको तो फोटो वाचतो आणि हवा तो जातो.

फक्त सुरुवातीच्या फ्रेम गेल्या असतील, किंवा पट्टा ठरावीक अंतरानं येत रोलच्या आत फिका होत गेला असेल, तर कॅमेऱ्याला हात लावू नका. खाली वाचा.

सवयींची झडती

रोल उन्हात भरता का? कॅसेटच्या तोंडाला मखमली पट्टी असते, तीच उजेड अडवते, आणि भर दुपारी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. सावलीत भरा. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत.

लांब रिळातून स्वतः कॅसेट भरत असाल किंवा तशा भरलेल्या विकत घेत असाल, तर कॅसेट किती वेळा वापरली ते विचारा. मखमल झिजते, त्यात धूळ बसते, टोपी सैल होते. धूळ बसलेली मखमल फिल्मवर लांबच लांब सरळ ओरखडाही पाडते, म्हणजे एका कॅसेटमध्ये दोन दुखणी. तीन-चार वापरांनंतर मी टाकून देतो.

काही फिल्मचा बेस पॉलिएस्टरचा असतो. असा पारदर्शक बेस ऑप्टिकल फायबरसारखा वागतो: कॅसेटबाहेर आलेल्या जिभेवर (फिल्मच्या टोकावर) पडलेला उजेड बेसमधून वाहत कॅसेटच्या आत जातो. मखमल बिचारी काय करणार. रोलेई रेट्रो ८० एस ही अशीच फिल्म. ओळखायची खूण म्हणजे जिभेचा तुकडा फाडून बघा. साधा ॲसिटेट बेस फाटतो, पॉलिएस्टर हातानं फाटत नाही. अशी फिल्म अगदी मंद उजेडातच भरायची आणि काढून झाल्यावर लगेच काळ्या डबीत टाकायची.

रोल पूर्ण गुंडाळायच्या आधी झाकण उघडलं होतं का, हेही स्वतःला खरं खरं विचारा. "नाही, कधीच नाही" म्हणणाऱ्यांच्या घरात लहान मूल असतं.

१२० फिल्मवाल्यांसाठी (कागदासकट गुंडाळलेली रुंद फिल्म) दोन गोष्टी. काढून झालेला रोल सैल गुंडाळला गेला तर कागदाच्या कडेनं उजेड शिरतो, दोन्ही कडांना लाटांसारखे डाग येतात. अंगठ्यानं घट्ट धरून कागदी पट्टी चिकटवा. आणि आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांना नंबर बघायला मागे लाल खिडकी असते. ती ज्या काळच्या कल्पनेतून आली त्या काळी बऱ्याच फिल्मना लाल उजेड दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणाऱ्या फिल्मला तो चांगला दिसतो. खिडकीवर काळी टेप लावा, रोल पुढे सरकवताना सावलीत तेवढी उचला. आजोबांचा क्लिक थ्री बिघडला असं समजून कपाटात टाकलेला असेल तर आधी हे करून बघा.

घरी धुणाऱ्यांसाठी

प्लास्टिकच्या टाकीत रीळ ज्या मधल्या काळ्या नळीवर बसतं, ती नळी विसरलात तर झाकणाच्या नरसाळ्यातून उजेड सरळ आत जातो. माझ्याकडून एकदा झालंय. नळी टेबलावर पडलेली दिसली तेव्हा डेव्हलपर आत ओतून झाला होता, आणि पुढची काही मिनिटं मी तसाच टाकी हलवत राहिलो, का ते माहीत नाही.

बाथरूमची डार्करूम केली असेल तर दिवा बंद करून पाच-दहा मिनिटं नुसते बसा. आधी काहीच दिसत नाही, मग दाराखालची फट दिसते, गीझरचा लाल दिवा दिसतो, मनगटावरचं स्मार्टवॉच उजळतं. स्वतःचा हात दिसायला लागला तर फिल्मलाही सगळं दिसतंय. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या गल्लीत सगळ्यात आनंदी माणूस मी होतो. चेंजिंग बॅग (हात आत घालून अंधारात फिल्म हाताळायची काळी पिशवी) वापरत असाल तर ती भर उन्हात न वापरणं बरं, आणि बाह्यांचं इलॅस्टिक सैल झालंय का बघा.

फिक्सर (फोटो कायम करणारं रसायन) पुरा व्हायच्या आधी कौतुकानं झाकण उघडणं हाही लीकच. जिभेचा तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा. निदान त्याच्या दुप्पट वेळ फिक्सर, मग उघडा.

टेप आणि एक रोल

इथपर्यंत काही सापडलं नाही, आणि काळेपणा कडेपर्यंत पसरलेला असेल, तर आता कॅमेऱ्याची पाळी. एक रोल बळी द्यावा लागतो. मुदत संपलेला, ब्लॅक अँड व्हाइट, ४०० स्पीडचा असला तर उत्तम. आजच्या भावात रोल वाया घालवायचा जिवावर येतं, पण पुढचे चार वाया जाण्यापेक्षा बरं.

लेन्सची टोपी लावा आणि ती काढूच नका. फोटोत चित्र नसलं की लीक एकटा उठून दिसतो. कॅमेरा ऑटोवर असेल तर मॅन्युअल करून १/१२५ ठेवा, नाहीतर अंधार बघून शटर उघडंच राहील. आता उन्हात दोन-दोन मिनिटं धरायचा: एका फ्रेमला बिजागरीची बाजू उन्हाकडे, मग कडीची बाजू, मग माथा, मग तळ. प्रत्येकाच्या मध्ये दोन फ्रेम सावलीत सोडा, म्हणजे डाग एकमेकांत मिसळणार नाहीत. कुठल्या नंबरला काय केलं ते वहीत लिहा. लक्षात राहत नाही. मग इलेक्ट्रिशियनची काळी पीव्हीसी टेप झाकणाच्या सगळ्या फटींवर लावून हाच प्रकार पुन्हा. टेपआधी डाग आणि टेपनंतर स्वच्छ, तर गुन्हेगार झाकणाचा फोम. टेप लावूनही डाग तसेच, तर फोम बदलून उपयोग नाही.

पैशांची तंगी असेल किंवा लग्नकार्य तोंडावर असेल तर टेप तशीच ठेवून फोटो काढा. मी एक अख्खा हिवाळा टेप लावलेला कॅमेरा वापरलाय. दिसतो भिकार, चालतो छान.

फोम बदलणं

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत झाकणाच्या खाचांमध्ये पॉलियुरेथेन फोमच्या पट्ट्या असतात. हवेतला दमटपणा हा फोम हळूहळू मोडतो, आणि त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. कॅमेरा वापरला की नाही याच्याशी संबंध नाही. पेटीत बंद असलेल्याचंही हेच होतं. कोकणातून आलेले कॅमेरे उघडताना मी आधी जुनं वर्तमानपत्र पसरतो. टूथपिकनं फोमला हलकेच टोचून बघा. स्पंजासारखा उसळला तर जिवंत आहे. टोक काळं चिकट होऊन आलं, किंवा भुगा पडला, तर संपला.

लागतं काय? टूथपिक, कानातले बड्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चिमटा आणि दुपारचा निवांत वेळ. कॅमेऱ्यात रोल नाही याची खात्री करा. फिल्मच्या खिडकीवर जाड कागदाचा तुकडा नुसता टेकवून ठेवा, चिकटवू नका. शटरच्या पात्यांना बोट, बड, फुंकर, काहीही लागता कामा नये. कॅमेरा असा धरा की भुगा शटरवर न पडता खाली पडेल. जास्तीत जास्त चिकटा आधी कोरडाच लाकडी टोकानं खरवडून काढा, मग बडला थेंबभर अल्कोहोल लावून पुसा. आधीच अल्कोहोल ओतलं तर काळी शाई होते आणि नको तिथे पळते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरू नका, खाचेचा काळा रंग निघाला की ती चमकते आणि नवं दुखणं सुरू होतं.

वर-खालच्या अरुंद खाचांसाठी फोम शोधत हिंडायची गरज नाही. विणकामाची काळी लोकर, एक पदर, टूथपिकनं खाचेत दाबत न्यायची. गोंदही लागत नाही, खाचच धरून ठेवते. शुद्ध काळी घ्या, गडद निळी नको. बिजागरीच्या बाजूला मात्र रुंद पट्टी लागते. तिथे चिकट पाठीचा दीड-दोन मिलिमीटरचा मऊ फोम किंवा काळी मखमली फीत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी हस्तकलेची फोम शीट मी लावून पाहिली. ती दबत नाही, झाकण लागेना. पट्टीची चिकट बाजू ओली करून आधी जागेवर बसवा, पाणी वाळेपर्यंत गोंद धरत नाही, तेवढ्यात सरळ करून घ्या.

झाकणाजवळ एक बारीक पिन असते, झाकण उघडलं की फोटोंचा आकडा शून्यावर आणणारी. ती फोमखाली गाडू नका. शेवटी झाकण बोटाच्या साध्या दाबानं, एकाच "खट्" आवाजात लागलं पाहिजे. ढकलावं लागलं तर पट्टी जाड झाली; काढा आणि पातळ लावा. दाबून लावलेलं झाकण मध्येच उघडतं, आणि मग लीक नाही, सगळाच रोल.

वरती आरशासमोरही एक फोमची पट्टी असते. ती आरशाचा धक्का झेलते. तिचा चिकटा आरशाला लागायला लागला तर बदलायला हवी, पण वरच्या फोकसिंग स्क्रीनला (जिच्यावर चित्र दिसतं ती दुधी काच) अल्कोहोल लागलं तर ती धुरकट होऊ शकते. हात स्थिर नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

इथे थांबा

काळेपणा फ्रेमच्या चौकटीतच आहे आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका आहे, तर कापडी शटरला भोक पडलं असावं. झेनिट, पेंटॅक्स के १००० यांच्यात कापडी पडदे असतात. निकॉन एफएम २ मध्ये धातूची पाती. बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत, लेन्स काढून, मागून टॉर्च लावा आणि पुढून चांदणी दिसते का ते बघा. एकदा शटर चढवून, एकदा सोडून, कारण दोन्ही वेळी समोर येणारा पडदा वेगळा असतो. आरसा नसलेल्या रेंजफाइंडरमध्ये हे सोपं आहे, आणि भोक पडण्याचा धोकाही तिथेच जास्त. उघडी लेन्स सूर्याकडे राहिली की भिंगानं कागद जाळावा तसा पडदा जळतो. चांदणी दिसली की तपासणी संपली. पडदा बदलणं आणि त्याचा ताण जुळवणं हे घरी करायचं काम नाही. व्हिडिओत सोपं दिसतं, तो माणूस तिसाव्यांदा करत असतो.

झाकण पडून वाकलं असेल, टेप लावूनही डाग येत असतील, फोमचा चिकटा शटरच्या पात्यांवर गेला असेल, माथ्याचं कव्हर उघडावं लागत असेल, तरी थांबा. आणि फ्लॅश आत असलेला छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा कधीच उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट साठलेले राहू शकतात. हा झटका मी खाल्लाय. हातातला चिमटा स्वयंपाकघरात सापडला.

दुरुस्तीला जाताना मोबाईलवरचा फोटो नको, निगेटिव्हची पट्टी न्या, आणि चाचणीच्या रोलची वही. जुने कारागीर कमी राहिलेत आणि जे आहेत ते निगेटिव्ह उजेडाकडे धरून अर्ध्या मिनिटात सांगतात. "काका, पूर्ण सर्व्हिसिंग करायचं की फक्त पडदा?" हे आधी विचारा आणि खर्चाचा आकडा काम सुरू व्हायच्या आधी घ्या. पडदा बदलण्याच्या खर्चात कधी कधी तसाच दुसरा चालू कॅमेरा येतो. वडिलांचा असेल तर तो हिशोब करूच नका.

काम झालं की तारीख लिहून चिठ्ठी कॅमेऱ्याच्या केसमध्ये ठेवतो मी. दिवेघाटातल्या कॅमेऱ्याच्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. बिजागरीचा फोम मधल्या काळात एकदा बदलावा लागला. लोकर अजून पहिलीच आहे.